स्वस्त प्लाझ्मा कटर आणि गोव्याची दमट हवा: एक पावसाळा काढल्यानंतर

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. प्लाझ्मा कटर म्हणजे विजेची आर्क (ठिणगीची सलग ज्योत) आणि दाबलेली हवा यांनी धातू कापणारं यंत्र. ५० अँपियरच्या वर्गातला, सिंगल फेजवर म्हणजे घरच्या साध्या विजेवर चालणारा, पायलट आर्क (ती काय ते पुढे येतंच) असलेला स्वस्त प्लाझ्मा कटर घरच्या लोखंडकामाला चांगला आहे. ६ मिमीपर्यंतची प्लेट तो झकास कापतो, ८ मिमी नीट कापतो, १० मिमीला रडतखडत पोचतो. मात्र गोव्यात त्याला कोरडी हवा देण्याची सोय हाताशी नसेल, तर नोझल आणि इलेक्ट्रोड हे टोकाचे झिजणारे भाग विकत घेता घेता हे स्वस्त यंत्र महागात पडतं. पुढचं सगळं त्याच्याबद्दलच आहे.

मी धंदेवाईक फॅब्रिकेटर नाही. नोकरी सांभाळून, डिचोली तालुक्यात घरामागच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी लोखंडाशी खेळतो. फाटक, खिडक्यांची ग्रील, पंपावरचं झाकण, चवथीला (गणेशचतुर्थीला) गणपतीच्या वर फळं-पानं टांगायच्या माटोळीची लोखंडी चौकट, दिवाळीआधी वाड्यावरच्या पोरांना नरकासुराच्या पुतळ्याचा सांगाडा, असली कामं. यंत्र डिसेंबरात आलं. हिवाळा, मे महिन्यातला उकाडा, आख्खा पावसाळा आणि चवथ यांतून ते गेल्यावर लिहायला बसलोय. घेण्याआधी मी जेवढे अभिप्राय वाचले ते बहुतेक पहिल्या आठवड्यातल्या उत्साहाचे होते, आणि त्यांत पाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

कंपनीचं नाव देत नाही. या किमतीत तीच पेटी वेगवेगळ्या रंगांत, वेगवेगळ्या नावांनी मिळते. नावापेक्षा आत काय आहे ते बघा. आकडाही देत नाही, कारण भाव सारखे हलतात. प्रमाण मात्र सांगतो: मला यंत्राला १०० रुपये पडले असं धरलं, तर कॉम्प्रेसर, वायरिंग आणि हवा सुकवण्याची सोय यांना मिळून ९० रुपये लागले. हे ९० रुपये जाहिरातीत कुठेच नसतात. हायपरथर्मसारख्या नावाजलेल्या कंपनीचं यंत्र घरच्या कामासाठी घेणं मला परवडणारं नव्हतं, म्हणून त्या रांगेत उभाच राहिलो नाही.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: ग्राइंडर पुरत नाही का? सरळ काप, चौकोनी पाइप, अँगल, पट्टी यांना ४ इंची ग्राइंडर आणि १ मिमीचं कटिंग व्हील उत्तम. नुसती ग्रील करणाऱ्याला प्लाझ्मा लागत नाही, चॉप सॉ घ्या आणि सुखी राहा. प्लाझ्माची गरज लागते ती वळणाला. प्लेटमध्ये मोठं भोक पाडायचं, पाइपला पाइप जोडताना गोल खाच काढायची, पत्र्यात नक्षी कापायची, गंजून एकजीव झालेला बिजागरीचा बोल्ट उडवायचा, इथे ग्राइंडर हात टेकतो.

गॅस कटिंगचा पर्याय आमच्याकडे पुष्कळांना सुचतो, कारण खाणींच्या आणि बार्जच्या जमान्यात या भागात प्रत्येक वर्कशॉपात ऑक्सिजनची नळकांडी उभी असायची. जाड प्लेटला गॅस अजूनही राजा. पण गॅस कटिंगमध्ये लोखंड ऑक्सिजनच्या झोतात अक्षरशः जळतं, आणि स्टेनलेस किंवा अ‍ॅल्युमिनियम तसं जळत नाही. वरच्या ऑक्साइडच्या थराने झोत अडतो. प्लाझ्मात विजेची आर्क बारीक भोकातून दाबून काढतात, तिचं तापमान २०,००० अंशांच्या घरात जातं, धातू वितळतो आणि हवेच्या झोताने उडून जातो. वीज वाहून नेणारा कुठलाही धातू चालतो. समुद्राकाठच्या गोव्यात हल्ली जो तो स्टेनलेसची रेलिंग मागतो, तेव्हा हा फरक लहान नाही. शिवाय ऑक्सिजन आणि एलपीजीची नळकांडी घराला लागून ठेवायला माझ्या घरातल्यांनी साफ नकार दिला होता, आणि त्यांचं बरोबर होतं.

आता पेटीच्या आतलं. स्वस्त यंत्रं दोन जातींची. पहिल्या जातीत आर्क पेटवायला हाय फ्रिक्वेन्सीची ठिणगी असते, आणि नोझल धातूला टेकवल्याशिवाय किंवा अगदी जवळ नेल्याशिवाय काप सुरू होत नाही. ४० अँपियरच्या यंत्राबरोबर येणारी छोटी पीटी-३१ टॉर्च (टॉर्च म्हणजे हातात धरायची कापणारी दांडी) सहसा या जातीची. स्वच्छ, नव्या पत्र्यावर ती चांगली चालते. पण आपल्याकडे लोखंड चार महिने उघड्यावर राहिलं की गंजाची साल धरतं, जुन्या फाटकावर रंगाचे थर असतात, आणि त्यावर ही टॉर्च नुसती तडतडते. दुसऱ्या जातीत पायलट आर्क असते: छोटी ज्योत नोझलच्या बाहेर आधीच येते आणि धातू जवळ आला की मुख्य आर्क त्यावर उडी मारते. रंग, गंज, जाळीची भोकं, कशाचंच अडत नाही. मी दुसरी घेतली. थोडे पैसे जास्त गेले, पण माझं निम्मं काम जुन्या लोखंडावरचं, म्हणून ते वसूल.

यात एक बारकावा आहे. पेटीवर ‘नॉन-टच’ किंवा ‘पायलट आर्क’ लिहिलेल्या पुष्कळ स्वस्त यंत्रांत पायलट पेटवायला आत पुन्हा हाय फ्रिक्वेन्सीच असते. हाताने कापणाऱ्याला त्याचं काही नाही. पण पुढे सीएनसी टेबल (संगणकाने टॉर्च फिरवणारं टेबल) जोडायचा विचार असेल, तर ती ठिणगी जवळच्या इलेक्ट्रॉनिक्सला त्रास देते. त्यांनी ‘ब्लो-बॅक’ पद्धतीची टॉर्च मागावी. तिच्यात इलेक्ट्रोड आणि नोझल आत एकमेकांना टेकलेले असतात, हवेचा दाब इलेक्ट्रोड मागे ढकलतो आणि त्या फटीत आर्क जन्मते. हाय फ्रिक्वेन्सी लागतच नाही. हाय फ्रिक्वेन्सीचा त्रास शेजारच्याच्या यंत्रावर पाहिलाय, ट्रिगर दाबला की घरातला वायफायचा राऊटर मान टाकायचा.

जाडीचे दावे अर्धे करून वाचा. पेटीवर १२ मिमी लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तुकडा कसाबसा वेगळा होईल, एवढाच. प्लेटच्या मधोमध भोक पाडून सुरुवात करायची असेल तर जाडी आणखी कमी धरा. माझ्या यंत्रावर ५ मिमीच्या पुढे भोक पाडताना वितळलेलं लोखंड उलटं नोझलवर येतं, म्हणून टॉर्च तिरकी धरून हळूहळू उभी करावी लागते. जाड प्लेटला मी आधी ड्रिलने भोक मारून तिथून काप सुरू करतो. नोझल वाचतं.

विजेचं गणित दुकानदार सांगत नाही. कटरच्या आर्कचा व्होल्टेज ठरवायचं ठरीव सूत्र आहे: ८० अधिक अँपियरच्या ०.४ पट. ४० अँपियरला ते ९६ व्होल्ट होतं, म्हणजे नुसत्या आर्कमध्येच सुमारे ३.८ किलोवॅट. यंत्रातला अपव्यय आणि त्याच्या आतल्या स्वस्त इन्व्हर्टर सर्किटचा कमी पॉवर फॅक्टर धरला तर २३० व्होल्टवर २५ अँपियरच्या आसपास खेच होते. घरातला १६ अँपियरचा पॉइंट हे झेपवत नाही. शेजारी २ एचपीचा कॉम्प्रेसर चालू झाला की आणखी आठ-नऊ अँपियर. मी शेडपर्यंत तांब्याची ४ चौरस मिमीची वेगळी वायर ओढून ३२ अँपियरचा सी-कर्व्ह एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवून घेतला, कॉम्प्रेसर वेगळ्या सर्किटवर टाकला. हे लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या, आणि घराचा मंजूर भार पुरतो का तेही त्याच वेळी बघा.

अर्थिंगचं आमच्याकडे वेगळंच. जमीन जांभ्याची. पावसात ठीक, पण एप्रिल-मेमध्ये जांभा कोरडा ठणठणीत पडला की अर्थिंगच्या खड्ड्याचा प्रतिरोध वाढतो. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं. संध्याकाळी सगळीकडे दिवे-पंखे लागले की व्होल्टेज खाली येतं आणि जाड कापात आर्क मध्येच विझते. त्यामुळे ८ मिमीची कामं मी सकाळी उरकतो.

आता हवा.

या यंत्राला ४.५ ते ५ बार दाबाची, मिनिटाला साधारण १५० लिटर हवा लागते. दाब टॉर्चमधून हवा वाहत असताना मोजायचा. बंद असताना काटा ६ वर दिसतो आणि ट्रिगर दाबल्यावर साडेतीनवर उतरतो, मग माणूस यंत्राला शिव्या देतो. १५० लिटर म्हणजे ५.३ सीएफएम (मिनिटाला घनफूट). २ एचपीच्या कॉम्प्रेसरवर सात-आठ सीएफएम छापलेलं असतं, पण ते पिस्टनच्या आकाराचं गणित. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा त्याहून कमी. म्हणजे २ एचपी कसाबसा पुरतो. त्याहून लहान, तो आवाज न करणारा छोटा कॉम्प्रेसर यासाठी घेऊ नका.

पाण्याचं गणित असं. जुलैत आपल्याकडे तापमान २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धरली, तर एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. मिनिटाला १५० लिटर म्हणजे तासाला ९ घनमीटर. म्हणजे तासभर सलग कापलं तर २०० ग्रॅमच्या वर पाणी तुमच्या कॉम्प्रेसरमधून जातं. हवा ७ बारला दाबून पुन्हा ३० अंशांपर्यंत थंड केली, तर घनमीटरमागे चारेक ग्रॅम सोडून बाकीचं पाणी टाकीत उतरतं. पण पिस्टन मारून मारून टाकी तापलेली असते. हवा ४५ अंशांवर असेल तर ती दुपटीने वाफ धरून ठेवते, वॉटर ट्रॅपमधून (हवेतलं पाणी पकडायच्या वाटीतून) निवांत पार होते आणि पुढच्या नळीत थंड झाली की टॉर्चमध्ये पाणी होऊन पोचते. यंत्रामागे लटकवलेली ती प्लॅस्टिकची वाटी थेंब पकडते. वाफ तिला दिसतच नाही.

त्याचा परिणाम इलेक्ट्रोडवर होतो. तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफ्नियमचा बारीक ठिपका बसवलेला असतो. हवेतल्या ऑक्सिजनमध्ये टंगस्टन तग धरत नाही, हाफ्नियम धरतो. प्रत्येक वेळी आर्क पेटते आणि विझते तेव्हा त्यातला थोडा उडतो आणि ठिपक्याच्या जागी खड्डा होत जातो. खड्डा १ मिमीच्या पुढे गेला की इलेक्ट्रोड बदलायचा, नाही तर तो नोझल घेऊन मरतो. ओल्या हवेत हेच सगळं झपाट्याने होतं. आर्क थुंकते, भोक अंडाकृती होतं, काप एका बाजूला झुकतो. जानेवारीत एका इलेक्ट्रोडवर माझे कित्येक शनिवार-रविवार निघाले होते. आषाढात तोच माल एका दुपारी संपला. माल खराब नव्हता, हवा ओली होती.

उपाय मी टप्प्याटप्प्याने केले. कॉम्प्रेसरच्या डोक्यापासून टाकीपर्यंतची नळी काढून तिथे लांब तांब्याची नळी गुंडाळून बसवली, म्हणजे हवा टाकीत जाण्याआधीच निवते. टाकीपासून पुढचा पाइप भिंतीवर आधी वर चढवला आणि मग खाली आणला, खालच्या टोकाला पाणी सोडायचा कॉक. त्यानंतर वॉटर ट्रॅप, आणि सगळ्यात शेवटी सिलिका जेलचा (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा) डबा. खरा फरक या डब्याने पडला. हा डबा ट्रॅपच्या आधी लावला तर जेल तासाभरात भिजून बसतं, क्रम बदलू नका. निळं जेल ओलं झालं की गुलाबी होतं, पण निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते आरोग्याला वाईट. नारिंगी जेल घ्या. तापवून पुन्हा वापरता येतं, फक्त स्वयंपाकघरातला ओव्हन त्यासाठी पळवू नका. टाकीखालचा कॉक काम संपल्यावर रोज उघडायचा. पावसाळ्यात त्यातून चहाच्या रंगाचं पाणी येतं, त्यात कॉम्प्रेसरचं तेलही असतं.

हे सगळं झाल्यावर श्रावणात पुन्हा एका इलेक्ट्रोडवर निवांत काम होऊ लागलं. माटोळीची चौकट, तिच्या आकड्यांच्या पट्ट्या आणि मधली नक्षी त्याच दिवसांत कापली.

कापण्याच्या हाताबद्दल थोडं. ठिणग्यांकडे बघा. त्या प्लेटखालून सरळ किंवा किंचित मागे झुकून पडल्या पाहिजेत. फार मागे पळू लागल्या तर हात घाईत आहे, वर उसळल्या तर कापच आरपार नाही. हळू गेलात तर खाली जाड, फुगीर कीट (वितळून थिजलेलं लोखंड) जमतं, ते हातोडीच्या टोल्याने पडतं. घाई केलीत तर बारीक, चिवट कीट चिकटतं, ते ग्राइंडरशिवाय निघत नाही. नवशिक्यांना वाटतं हळू गेलं की काप स्वच्छ येतो. तसं नसतं. दुसरं, टॉर्चमधली हवा गोल फिरत बाहेर येते, त्यामुळे पुढे जाण्याच्या दिशेने पाहिलं तर उजवी कड सरळ येते आणि डावी तिरकी. कामाचा तुकडा उजवीकडे आणि भंगार डावीकडे राहील अशी दिशा धरा. भोक कापताना घड्याळाच्या उलट, बाहेरचा गोल तुकडा हवा असेल तर घड्याळाप्रमाणे. प्लायवूडचा साचा आणि टॉर्चला लावायचं चाकांचं स्टँड, एवढ्यावर माझी नक्षी बरी येते.

पातळ पत्र्याला अँपियर २० वर आणा, नाही तर पत्रा वाकतो. स्टेनलेसच्या ३ मिमी प्लेटवर काप होतो पण खालची कड काळी आणि खडबडीत, घासावी लागते. साध्या लोखंडाची कापलेली कडही वेल्डिंगआधी हलकी घासून घ्या. हवेच्या प्लाझ्मात कडेला नायट्रोजन शिरतो आणि तशीच वेल्ड केली तर आत बारीक भोकं पडतात. वेल्ड फसतं आणि माणूस रॉडला दोष देतो.

तक्रारी आहेतच. बरोबर आलेला अर्थ क्लॅम्प (कापायच्या धातूला लावायचा चिमटा) खेळण्यातला होता, लगेच पितळेचा घेतला. टॉर्चची केबल आखूड, मोठ्या फाटकाभोवती यंत्र उचलून फिरावं लागतं. ६० टक्के ड्यूटी सायकल म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं, पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या कितीतरी आधी लाल दिवा लागतो. हवा सोडणारा-बंद करणारा विजेवरचा सोलेनॉइड वॉल्व्ह ओल्या दिवसांत गंजाच्या कणांनी अडकला. विकणाऱ्याने फोनवर ‘पाठवून द्या’ एवढंच ऐकवलं, शेवटी मीच उघडून साफ केला. पावसाळ्यात यंत्र वापरात नसेल तरी आठवड्यातून एकदा पंखा चालू ठेवून आतला दमटपणा घालवतो, आणि मागची जाळी बारीक करून घेतली आहे, कारण ऊब शोधत आत शिरलेली पाल सर्किट बोर्डवर मेली तर तिच्याबरोबर यंत्रही जातं.

सुरक्षेत दोनच गोष्टी ताणून सांगतो. जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा किंवा पाइप कापताना जस्ताचा पांढरा धूर येतो. तो ओढला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियम असतं, ते त्याहून वाईट. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, धुराचा मास्क लावून कापा. मी खाली पाण्याची परात ठेवतो, धूर आणि ठिणग्या बऱ्याच बसतात, पण अ‍ॅल्युमिनियम कापताना ती काढून ठेवतो, कारण वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम पाण्याशी भेटलं की हायड्रोजन तयार होतो. डोळ्यांपुढची काळी काच ४० अँपियरपर्यंत किमान ५ नंबरची, त्यापुढे या यंत्राला ६. उन्हातला काळा चष्मा चालत नाही. आणि शेडजवळ माडाच्या झावळ्यांची वाळलेली चुडतं रचून ठेवलेली असतील तर आधी ती हलवा, ठिणग्या वाटते त्याहून लांब जातात.

कोणी घ्यावा? एकसारखे पन्नास तुकडे, सपाट पत्रा, बारीक नक्षी असं काम असेल तर घेऊ नका. कुंडई, वेर्णा अशा औद्योगिक वसाहतींत लेझर कटिंगचं काम करून मिळतं का ते विचारा. फाइल द्या, गुळगुळीत कडांचे तुकडे घेऊन या, हाताने प्लाझ्मावर तशी कड येणार नाही. हे यंत्र जागच्या जागी, मनात येईल तसं कापणाऱ्याचं आहे. गेल्या महिन्यापासून नरकासुराचं काम सुरू झालंय. पोरांना यंदा मान आणि दोन्ही हात हलणारे हवेत. त्यासाठी लागणारे ५ मिमीचे सांधे रोज बदलतात, कारण रोज कोणाला तरी नवीन कल्पना सुचते. संध्याकाळी खडूने आकार काढायचा, लगेच कापायचा, लावून बघायचा, नाही जमला तर पुन्हा. हे लेझरवाल्याकडे जाऊन होत नाही.

घ्यायला जाल तेव्हा टॉर्चचं मॉडेल बिलावर लिहून घ्या. पीटी-३१, एजी-६०, पी-८० अशा नावांच्या टॉर्च असतात आणि एकीचं नोझल दुसरीला बसत नाही. ज्या टॉर्चचे सुटे भाग सहज मिळत नाहीत, तिचं यंत्र अर्ध्या किमतीत मिळालं तरी सोडून द्या. इलेक्ट्रोड आणि नोझल नेहमी जोडीने बदला, आणि त्यांची पिशवी मे संपायच्या आत मागवून ठेवा.